एका पीकवर फेज ठरत नाही

थिन फिल्मवर संशोधन करायचं ठरवलंत की पहिल्या काही महिन्यांत तुम्ही चाळीस-पन्नास पेपर वाचता. त्यातल्या बऱ्याच पेपरमध्ये एक परिच्छेद जवळजवळ तसाच्या तसा भेटतो. पदार्थ बदलतो, तापमान बदलतं, आकडे बदलतात, वाक्यं मात्र तीच. तो साधारण असा असतो:

"कॅडमियम सल्फाइडच्या फिल्मचा एक्सआरडी पॅटर्न जेसीपीडीएस कार्ड ४१-१०४९ शी जुळतो, त्यामुळे फिल्म हेक्सागोनल आहे. (००२) दिशेत प्रेफर्ड ओरिएंटेशन दिसतं. शेररच्या सूत्राने क्रिस्टलाइट साइज २०.४१ नॅनोमीटर आली. अ‍ॅनीलिंगनंतर साइज वाढली, स्ट्रेन कमी झाला आणि क्यूबिकमधून हेक्सागोनलमध्ये फेज ट्रान्झिशन झालं."

हा परिच्छेद कुठल्या एका पेपरमधून उचललेला नाही. अनेकांची गाळणी करून मी तो लिहिला आहे, कारण आज बोलायचं आहे ते एखाद्या माणसाच्या चुकीबद्दल नाही, एका सवयीबद्दल. यात चार दावे आहेत. चारही खरे असू शकतात. पण एवढ्या पुराव्यावर त्यातला एकही सिद्ध होत नाही. तरीही हाच परिच्छेद पुढच्या थिसिसमध्ये जातो, आणि त्याच्यापुढच्या विद्यार्थ्याला तो "साहित्यात प्रस्थापित" म्हणून मिळतो.

हा विषय आपल्या भागाचा का आहे, तेही सांगतो. सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झालं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. रासायनिक पद्धतीने थिन फिल्म बनवण्याची परंपरा कोल्हापूर-सोलापूर पट्ट्यात चांगली रुजलेली आहे. मेटल चाल्कोजेनाइड फिल्मच्या रासायनिक डिपॉझिशनवर माने आणि लोखंडे यांनी २००० साली लिहिलेला आढावा आजही जगभर वाचला जातो. पद्धत स्वस्त आहे: बीकर, हीटर, स्टरर, काचपट्ट्या. पण स्वस्त म्हणजे हलकी नव्हे. सीआयजीएस सोलर सेलमध्ये कॅडमियम सल्फाइडचा पातळ थर याच केमिकल बाथ पद्धतीने देतात. अडचण फिल्म बनवण्यात नाही. फिल्म बनल्यावर आपण तिच्याबद्दल काय बोलतो, तिथे आहे.

आधी बीकरमध्ये काय होतं ते पाहू

बाथमध्ये कॅडमियमचा क्षार असतो, अमोनिया असतो आणि थायोयुरिया असतो. अमोनिया कॅडमियमच्या आयनांना कॉम्प्लेक्समध्ये धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. अल्कधर्मी, गरम द्रावणात थायोयुरिया फुटून सल्फाइड आयन देतो. दोघांचा आयनिक प्रॉडक्ट सोल्युबिलिटी प्रॉडक्टच्या वर गेला की घन पदार्थ तयार व्हायला लागतो. तो काचेवर आयन-आयन करत वाढला तर फिल्म घट्ट आणि चकचकीत येते. द्रावणातच गोळे तयार होऊन काचेवर बसले तर ती भुकटीसारखी येते, बोटाने पुसली जाते.

हे समजायला आपल्या जिल्ह्यात लांब जावं लागत नाही. साखर कारखान्याच्या पॅनमध्ये हेच गणित चालतं. रस आटवून सुपरसॅच्युरेशन वाढवतात, सीड घालतात, आणि मग ते अशा पट्ट्यात सांभाळतात की असलेले दाणे वाढतील पण नवे जन्मणार नाहीत. हात सुटला, सुपरसॅच्युरेशन फार वर गेलं, की पॅनभर बारीक नवे दाणे उठतात. त्याला कारखान्यात फॉल्स ग्रेन म्हणतात. केमिकल बाथमध्ये द्रावण अचानक गढूळ होतं, तेव्हा झालेली गोष्ट तीच: न्यूक्लिएशनने वाढीला मागे टाकलं.

साखरेचं आणखी एक उदाहरण डोक्यात ठेवा, पुढे लागेल. पिठीसाखर आणि खडीसाखर यांची स्फटिक रचना एकच आहे. फक्त स्फटिकांचा आकार वेगळा. उलट, पाक कडक करून केलेली काचेसारखी गोळी बहुतांशी साखरच असते, पण तिच्यात स्फटिकाची रचना नसते. म्हणजे आकार बदलणं आणि रचना बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरचा परिच्छेद या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतो.

पहिला दावा: फिल्म हेक्सागोनल आहे

कॅडमियम सल्फाइड दोन रूपांत मिळतो: हेक्सागोनल (वुर्टझाइट) आणि क्यूबिक (झिंकब्लेंड). दोन्हीत प्रत्येक कॅडमियमभोवती चार गंधक, प्रत्येक गंधकाभोवती चार कॅडमियम. फरक फक्त थर एकावर एक कसे रचलेत याचा. हेक्सागोनलमध्ये क्रम 'कखकख', क्यूबिकमध्ये 'कखगकखग'.

आता पीक बघा. कॉपर के-अल्फा किरणांसाठी हेक्सागोनलचं (००२) पीक २६.५ अंशांवर येतं. क्यूबिकचं (१११) पीक? तेही २६.५ अंशांवरच. हा योगायोग नाही. ही दोन्ही पीक्स त्याच रचलेल्या थरांमधून येतात. म्हणजे हे पीक तुम्हाला थरांमधलं अंतर सांगतं, थरांचा क्रम सांगत नाही. आणि दोन फेजमधला फरक तर क्रमाचाच आहे! थोडक्यात, जो प्रश्न विचारायचा आहे नेमका त्यालाच हे पीक आंधळं आहे.

"पण माझ्या पॅटर्नमध्ये ४४ आणि ५२ अंशांजवळ पण पीक्स आहेत." असतील. हेक्सागोनलचं (११०) ४३.७ वर आहे, क्यूबिकचं (२२०) ४४.० वर. हेक्सागोनलचं (११२) ५१.८ वर, क्यूबिकचं (३११) ५२.१ वर. नॅनो आकाराच्या फिल्ममध्ये पीक्स इतकी रुंद असतात की पाव-अर्ध्या अंशाचा हा फरक त्यात बुडून जातो. तीन पीक्स जुळली म्हणून तीन साक्षीदार मिळाले असं वाटतं. पण तिघेही दोन्ही बाजूंनी साक्ष देणारे आहेत.

खरे साक्षीदार दुसरे आहेत. हेक्सागोनलची (१००) २४.८ वर, (१०१) २८.२ वर, (१०२) ३६.६ वर आणि (१०३) ४७.९ वर, क्यूबिकमध्ये या जागी काही नसतं. क्यूबिकचं (२००) ३०.७ वर येतं, ते कमजोर असतं, पण हेक्सागोनलमध्ये तिथे पीक नाही. पेपर वाचताना ही पाच ठिकाणं पेन्सिलने खूण करून पाहा. तिथे काहीच नसेल आणि तरी मजकुरात ठामपणे "हेक्सागोनल" लिहिलं असेल, तर लेखकाने कार्ड आधी निवडलं आणि मग जुळवलं, असं समजायला हरकत नाही. तोच पॅटर्न क्यूबिकच्या १०-४५४ कार्डाशीही तितकाच जुळला असता.

यात अजून एक खड्डा आहे. फिल्म फ्लोरिन डोप्ड टिन ऑक्साइडच्या काचेवर असेल, तर टिन ऑक्साइडचं (११०) पीक २६.६ अंशांवर येतं. साधी काच असेल, तर तिचा पसरट उंचवटा साधारण २० ते ३० अंशांत असतो, म्हणजे (१००) आणि (१०१) जिथे शोधायची त्याच भागात. म्हणून नुसत्या सबस्ट्रेटचा पॅटर्न शेजारी दिला आहे का, हे आधी बघायचं.

दुसरा दावा: (००२) दिशेत प्रेफर्ड ओरिएंटेशन

हा दावा पहिल्याच्या खांद्यावर उभा आहे. नेहमीच्या थीटा-टूथीटा स्कॅनमध्ये यंत्राला फक्त सबस्ट्रेटला समांतर असलेली प्रतलं दिसतात. फिल्ममध्ये थर काचेला समांतर बसले असतील तर २६.५ चं पीक उंच येणार आणि बाकीची दबणार. अगदी खरं आहे. पण मग फेज ठरवायला लागणारी पीक्सही त्याच कारणाने दबणार! म्हणजे ओरिएंटेशन जितकं पक्कं, तितका त्या स्कॅनवरून फेजचा दावा कच्चा. एकाच पॅटर्नवरून दोन्ही गोष्टी ठामपणे सांगणारा पेपर स्वतःच्याच पायाखालची फांदी तोडतो.

टेक्स्चर कोएफिशिएंटचा आकडा दिला असेल तर किती पीक्स वापरली ते विचारा. सूत्राची रचनाच अशी आहे की जितकी पीक्स घ्याल तितकी त्याची कमाल मर्यादा. दोन पीक्स घेतली तर तो दोनच्या वर जाऊच शकत नाही, एकच घेतलं तर उत्तर नेहमी एक. "१.८ म्हणजे तीव्र ओरिएंटेशन" हे वाक्य पीक्सची संख्या सांगितल्याशिवाय निरर्थक आहे.

तिसरा दावा: २०.४१ नॅनोमीटर

पॉल शेररने हे सूत्र १९१८ साली दिलं. शंभर वर्षांनंतरही ते उपयोगी आहे, त्यात वाद नाही. वाद दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांचा आहे.

स्वतः करून बघा. २६.५ अंशांवरच्या पीकची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.४० अंश आहे. के ०.९ धरा, तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम. उत्तर येतं सुमारे २०.४ नॅनोमीटर. आता लक्षात घ्या की यंत्राची स्वतःचीही रुंदी असते. समजा ती ०.१५ अंश आहे. पीकचा आकार गाउसियन मानून ती वजा केली तर उरते ०.३७, आणि साइज होते २२ नॅनोमीटर. लॉरेंट्झियन मानून वजा केली तर उरते ०.२५, आणि साइज होते जवळजवळ ३३ नॅनोमीटर. फिल्म तीच, पीक तेच, उत्तरं तीन: २०, २२, ३३. शिवाय के ०.८९ घ्यायचा की ०.९४, यावरच पाच टक्के हलतात. अशा परिस्थितीत "२०.४१" मधला शेवटचा ०.०१ नेमका कशाचा आहे? तो कॅल्क्युलेटरचा आहे.

याहून गंभीर गोष्ट टेबलात असते. बऱ्याच पेपरमध्ये चार कॉलम दिसतात: रुंदी, क्रिस्टलाइट साइज, मायक्रोस्ट्रेन, डिसलोकेशन डेन्सिटी. साइज काढली के-लॅम्डा भागिले बीटा-कॉस-थीटा करून. स्ट्रेन काढला बीटा-कॉस-थीटा भागिले चार करून. डिसलोकेशन डेन्सिटी म्हणजे एक भागिले साइजचा वर्ग. आता साइज आणि स्ट्रेनचा गुणाकार करा: बीटा-कॉस-थीटा कटून जातं आणि के-लॅम्डा भागिले चार उरतं, म्हणजे एक स्थिरांक. साइज वाढली की स्ट्रेन कमी दाखवलाच जाणार, फिल्ममध्ये काहीही झालेलं असो. "अ‍ॅनीलिंगने साइज वाढून स्ट्रेन कमी झाला" हा त्या टेबलातला निष्कर्ष भौतिकशास्त्राचा नाही, भागाकाराचा आहे. कॉलम चार, मोजलेली गोष्ट एक.

रुंदीतला साइजचा वाटा आणि स्ट्रेनचा वाटा वेगळा करायचा असेल तर वेगवेगळ्या कोनांवरची अनेक पीक्स लागतात, कारण दोन्ही वाटे कोनाप्रमाणे वेगवेगळे बदलतात. विल्यमसन आणि हॉल यांनी १९५३ साली मांडलेला प्लॉट यासाठीच आहे. पण तिथेही सावध राहा. थरांचा क्रम मधेच चुकला असेल, म्हणजे स्टॅकिंग फॉल्ट असतील, तर हेक्सागोनलची (१०१), (१०२), (१०३) ही पीक्स जादा रुंद होतात, पण (००२), (११०), (११२) वर त्याचा परिणाम होत नाही. अशा वेळी सगळ्या पीक्सच्या साइजची सरासरी काढणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज करणं. गंमत अशी की (१०३) चं जादा रुंद असणं हीच खरी बातमी असते: फिल्म पूर्ण हेक्सागोनल नाही, पूर्ण क्यूबिकही नाही, थरांचा क्रम मिश्र आहे. ती बातमी सरासरीत पुरली जाते.

आणि हो, एसईएममध्ये दिसणारा ग्रेन म्हणजे क्रिस्टलाइट नव्हे. साखरेचे दाणे एकमेकांना चिकटून गाठ होते तसं एका ग्रेनमध्ये अनेक क्रिस्टलाइट असू शकतात. "एक्सआरडीतून २० नॅनोमीटर, एसईएममधून २०० नॅनोमीटर" यात विसंगती नाही. दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत.

चौथा दावा: फेज ट्रान्झिशन झालं

इथे सगळं एकत्र येतं. बाथमधून क्यूबिक रूप मिळणं आणि तापवल्यावर ते हेक्सागोनल होणं, हे खरंच घडतं. क्यूबिक रूप मेटास्टेबल, हेक्सागोनल स्थिर. दोघांच्या ऊर्जेतला फरक अगदी थोडा. म्हणून थंड केल्यावर ते परत फिरत नाही. बेरियम टायटनेटशी तुलना करा: साधारण १२० अंश सेल्सिअसला टेट्रागोनलचं क्यूबिक होतं, ४५ अंशांजवळची जोड-पीक्स एक होतात, आणि थंड केलं की पुन्हा फुटतात. दोन्हींना फेज ट्रान्झिशनच म्हणतात, पण जातकुळी वेगळी. पेपरमध्ये कोणतं अभिप्रेत आहे ते सांगितलेलं नसतं.

मुख्य मुद्दा असा: तापवल्यावर २६.५ चं पीक उंच आणि टोकदार झालं, तर त्याचा सरळ अर्थ क्रिस्टलाइट वाढले, दोष कमी झाले. पिठीसाखरेची खडीसाखर झाली. रचना बदलली असं म्हणायला आधी क्यूबिक होती हे दाखवायला हवं (३०.७ ला पीक, आणि २४.८, २८.२, ४७.९ ला काही नाही), आणि नंतर हेक्सागोनल आहे हेही दाखवायला हवं. जो पेपर सुरुवातीची फेज एका पीकवर ठरवतो आणि नंतरचीही त्याच पीकवर, त्याने प्रवास दाखवलेलाच नाही; फक्त दोन स्टेशनांची नावं लिहिली आहेत.

हवेत तापवलं असेल तर आणखी एक शक्यता तपासावी लागते. गंधक निघून जाऊन कॅडमियम ऑक्साइड होऊ शकतं. त्याची पीक्स ३३.० आणि ३८.३ अंशांजवळ येतात. ती दिसली तर झालेला बदल रासायनिक अभिक्रिया आहे, फेज ट्रान्झिशन नव्हे.

"एवढं बारकाईने कोण बघतं?" असं वाटत असेल तर २०२३ मधली एलके-९९ ची गोष्ट आठवा. दक्षिण कोरियातल्या एका गटाने सामान्य तापमानाला सुपरकंडक्टर सापडल्याचा दावा केला. पुराव्यात एक ठळक गोष्ट होती: १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास रोध एकदम कोसळत होता. पण नमुना शुद्ध नव्हता, त्यात क्युप्रस सल्फाइड मिसळलेलं होतं. आणि क्युप्रस सल्फाइडचं स्वतःचं फेज ट्रान्झिशन १०४ अंशांच्याच आसपास आहे, त्यात त्याचा रोध झपाट्याने बदलतो. कोसळत होतं ते अशुद्धीचं. शेवटी जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत फ्लोटिंग झोन पद्धतीने शुद्ध एकस्फटिक वाढवले गेले. ते पारदर्शक जांभळे निघाले, आणि चक्क इन्सुलेटर. जगभर आठवडे चाललेल्या त्या गोंधळात प्रश्न आपलाच होता: दिसलेला बदल नेमका कोणत्या फेजचा आहे, आणि दुसऱ्या कशाने तो तसाच दिसला असता का?

मग असं लिहिलं का जातं?

यावर नुसतं नाक मुरडणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. यंत्र दुसऱ्या गावात असतं, नमुने पाठवून पॅटर्नची वाट पाहावी लागते, एका नमुन्याला एकच स्कॅन मिळतो, तोही घाईचा. गाइडच्या हाताखाली सात-आठ विद्यार्थी असतात. आधीच्या सिनियरचा थिसिस साचा म्हणून समोर असतो. आणि मुदतीच्या आत पेपर छापून यायचा असतो. या सगळ्यात तो परिच्छेद कॉपी होतो. पण हे कारण झालं, समर्थन नाही. यातले निम्मे दोष काढायला एक रुपयाही लागत नाही. फक्त वाक्य कमी ठाम लिहावं लागतं. "पॅटर्न हेक्सागोनल आणि क्यूबिक दोन्हींशी सुसंगत आहे, या स्कॅनवरून फरक करता येत नाही" हे वाक्य कुठल्याही थिसिसला कमीपणा आणत नाही. पुढच्या विद्यार्थ्याला मात्र ते एक खरा प्रश्न देऊन जातं.

तुमच्या हातात असलेल्या गोष्टी

१. स्कॅन मागतानाच सांगा: २० ते ६० अंश, पावलं लहान, वेळ जास्त. पाच नमुन्यांचे घाईचे पॅटर्न घेण्यापेक्षा दोन नमुन्यांचे नीट घ्या.

२. नुसत्या सबस्ट्रेटचा एक स्कॅन आणि लँथनम हेक्साबोराइड किंवा सिलिकॉन स्टँडर्डचा एक स्कॅन मागा. दुसऱ्यावरून यंत्राची रुंदी कळते.

३. ओरिएंटेशनमुळे पीक्स दबत असतील तर चार-पाच काचपट्ट्यांवरची फिल्म खरवडून पावडरचा स्कॅन घ्या. बाथच्या तळाशी बसलेला साका मात्र फिल्मच्या नावाने मोजू नका. तो वेगळ्या वाटेने तयार झालेला असतो, त्याची फेज वेगळी असू शकते.

४. रामनवर फार विसंबू नका. कॅडमियम सल्फाइडचा मुख्य रामन पट्टा दोन्ही रूपांत जवळपास एकाच ठिकाणी येतो. टीईएममधलं इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शन जास्त उपयोगी. आयआयटी मुंबई आणि शिवाजी विद्यापीठ इथल्या सैफ सुविधा, इंदूरचं यूजीसी-डीएई केंद्र यांच्या अटी वेळेवर वाचून ठेवा. अर्जात "कोणत्या दोन शक्यतांमध्ये निवड करायची आहे" हे एका वाक्यात लिहा.

५. साइज पूर्णांकात लिहा, यंत्राची रुंदी कशी वजा केली ते लिहा. एकाच पीकवरून स्ट्रेन आणि डिसलोकेशन डेन्सिटीचे कॉलम भरू नका.

६. वाय-अक्ष लपवू नका. लॉग स्केलवरचा पॅटर्न पुरवणीत द्या. कमजोर पीक्स तिथे दिसतात.

शेवटी एकच सवय लावून घ्या. कार्ड जुळलं की लगेच दुसरं कार्ड काढायचं, ज्याच्यावर तुमचा विश्वास नाही ते, आणि तेही जुळतं का पाहायचं. दोन्ही जुळली तर तुम्हाला अजून काही कळलेलं नाही. एक जुळलं आणि दुसरं एखाद्या ठिकाणी स्पष्टपणे फसलं, तर ते ठिकाण कोणतं, तेवढंच लिहा. एक्सआरडीचा परिच्छेद चार ओळींचा झाला तरी चालेल. व्हायवात समोरचे सर किंवा मॅडम "हे क्यूबिक का नाही?" एवढंच विचारतील, आणि तुमच्याकडे एका कोनाचा आकडा तयार असेल.